इतिहासाच्या तासाला वादविवाद : संमतिवयाचा कायदा वर्गात कसा आणावा?



"आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा?" हा विषय वर्गात दिला की पुढे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पहिला विद्यार्थी उठतो, "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग..." अशी सुरुवात करतो आणि लोकमान्य टिळकांचं चरित्र सांगून खाली बसतो. दुसरा उठतो आणि आगरकरांचं चरित्र सांगतो. टाळ्या होतात. ज्याचा आवाज मोठा आणि पाठांतर पक्कं, त्याला बक्षीस. दोघांनी एकमेकांचं एक वाक्यसुद्धा ऐकलेलं नसतं, आणि ऐकण्याची गरजही पडलेली नसते.

याला आपण वादविवाद म्हणतो, पण ही दोन वक्तृत्वं झाली. मीसुद्धा पहिल्या वर्षी हेच केलं. मुलांनी भाषणं घरून लिहून आणली होती आणि त्यातली निम्मी पालकांनी लिहिलेली होती, हे पहिल्याच परिच्छेदात कळत होतं. नंतर पद्धत बदलत गेलो. आठवी ते दहावीच्या वर्गांत नीट चालली ती पद्धत या लेखात सविस्तर देतो आहे. उदाहरणासाठी एकच विषय शेवटपर्यंत घेतला आहे, म्हणजे तुम्हाला उद्या वर्गात तसाच वापरता येईल.

विषय कसा मांडावा?

"टिळक श्रेष्ठ की आगरकर?" असा विषय कधीही देऊ नका. माणसांची तुलना आली की मुलं भक्त होतात, अभ्यासक होत नाहीत. "आधी स्वराज्य की आधी सुधारणा" हा विषयही फार मोठा आहे. तो कुठूनही धरता येतो, त्यामुळे हातात काहीच येत नाही. वादाचा विषय एका निर्णयावर हवा. तो निर्णय कोणी घेतला, कधी घेतला हे ठरलेलं असावं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्या काळातली शहाणी माणसं उभी असावीत.

मी ठेवलेला ठराव असा :

"१८९१ साली सरकारने संमतिवयाचा कायदा केला, ते योग्य केले."

अनुकूल पक्षाने हे सिद्ध करायचं, प्रतिकूल पक्षाने खोडायचं. "की" नाही, "का" नाही. एक सरळ विधान.

शिक्षकाने आधी काय वाचून ठेवावं?

टिळक आणि आगरकर एकाच वर्षी, १८५६ मध्ये जन्मले. डेक्कन कॉलेजातले मित्र. विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर त्यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' सुरू केले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. म्हणजे हा वाद दोन शत्रूंचा नव्हता. एका शाळेत शिकवणाऱ्या दोन शिक्षकांचा होता. मुलांना हे आधी सांगा, वर्गातलं वातावरण तिथेच बदलतं.

पुढे सामाजिक प्रश्नांवर दोघांचं पटेना. आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला.

आता कायद्याची पार्श्वभूमी. बेहरामजी मलबारी या मुंबईच्या पत्रकाराने १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं प्रसिद्ध केली आणि देशभर चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठं झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८७ मध्ये कोर्टाने त्यांना नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या. १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. मृत्यूला कारण नवऱ्याची जबरदस्ती होती. त्यानंतर जानेवारी १८९१ मध्ये विधेयक मांडलं गेलं आणि १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला.

इथे एक चूक शिक्षकांकडूनसुद्धा होते. या कायद्याने लग्नाचं वय वाढवलं नाही. नवऱ्यालासुद्धा बायकोशी शरीरसंबंध ठेवण्यासाठी मुलीचं वय किमान किती हवं, ते दंडसंहितेत आधी १० होतं, ते १२ केलं. एवढंच. हे वर्गात कसं सांगायचं, असा संकोच वाटणं स्वाभाविक आहे. मी "नवरा-बायको म्हणून एकत्र राहण्याचं वय" असे शब्द वापरतो आणि गंभीरपणे, एकदाच, स्पष्ट सांगतो. आपण अवघडलो नाही तर मुलंही फिदीफिदी हसत नाहीत. मात्र मुख्याध्यापकांना आणि पालकांना विषय आधी कळवा.

पूर्वतयारी : पाच तासिका

*पहिली तासिका – कार्डं वाचणं.* वर्गाचे सहा गट करा. ४८ मुलं असतील तर एका गटात ८. प्रत्येक गटाला सहा कार्डं द्या. साध्या कागदावर हाताने लिहिलेली चालतात :

१. कायद्यात नेमकं काय बदललं
२. राणीचा १८५८ चा जाहीरनामा : प्रजेच्या धर्मात सरकार ढवळाढवळ करणार नाही, हे आश्वासन
३. टिळकांचं म्हणणं आणि त्यांनी १८९० मध्ये सुचवलेला पर्याय
४. आगरकरांची 'सुधारक'मधली भूमिका
५. रखमाबाईंचा खटला
६. फुलमणीचा खटला

सातवं कार्ड कोरं द्या. त्यावर फक्त शीर्षक लिहा : "जिच्याविषयी हा वाद चालला, त्या दहा वर्षांच्या मुलीचं म्हणणं". मुलं विचारतात, "सर, यावर काही लिहिलंच नाही." त्यांना म्हणा, शोधा. रखमाबाई बोलल्या, वर्तमानपत्रात 'एक हिंदू स्त्री' या नावाने लिहिलंही. पण तोवर त्या मोठ्या झाल्या होत्या, शिकल्या होत्या. लहान मुलीचा आवाज मात्र कागदपत्रांत जवळजवळ सापडत नाही. इतिहासाच्या साधनांत कोण बोलतं आणि कोण बोलत नाही, हा धडा त्या कोऱ्या कार्डाने एका मिनिटात शिकवला जातो.

प्रत्येक कार्डाखाली चार प्रश्न : हे कोण म्हणतंय? केव्हा म्हणतंय? कोणाला उद्देशून? त्याला काय घडायला हवं होतं?

*दुसरी तासिका – १८९१ ची रेघ.* फळ्यावर उभी रेघ मारा आणि वर १८९१ लिहा. रेघेच्या डावीकडे जे घडलं तेच वादात वापरायचं. सतीबंदी १८२९, विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६, १८५८ चा जाहीरनामा हे सगळं चालेल. १९२९ चा शारदा कायदा चालणार नाही. "आज मुलीचं लग्नाचं वय १८ आहे, म्हणजे आगरकरच बरोबर होते" हेही चालणार नाही. निकाल माहीत असणाऱ्याने निकालाच्या आधीच्या माणसाला मूर्ख ठरवणं फार सोपं असतं. त्या दिवशी त्यांना जेवढं माहीत होतं, तेवढ्यावरच त्यांच्याशी भांडायचं. ही एक शिस्त पाळली तरी तुमचा वादविवाद इतिहासाचा होतो, नाहीतर तो नागरिकशास्त्राचा निबंध होतो.

*तिसरी तासिका – मुद्दे काढणं.* तीन गटांना अनुकूल बाजू द्या, तीन गटांना प्रतिकूल. प्रत्येक मुद्दा तीन ओळींत लिहायचा : दावा, पुरावा, आणि "म्हणून काय". मुलांना साधारण असे मुद्दे सापडायला हवेत :

अनुकूल :
- दुबळ्याचं रक्षण करणं हे कोणत्याही सरकारचं काम आहे. सरकार परकं आहे म्हणून मुलीला झालेली इजा खोटी ठरत नाही.
- वयाची अट १८६० च्या दंडसंहितेत होतीच. सरकारने नवीन हात घातला नाही, फक्त दोन वर्षं वाढवली.
- डॉ. रा. गो. भांडारकरांसारख्या संस्कृत पंडिताने धर्मशास्त्राच्या आधारानेच सुधारणेची बाजू मांडली. तेव्हा "धर्म बुडाला" हे सर्वांचं मत नव्हतं.
- समाज आपण होऊन बदलेल म्हणून थांबायचं, तर १८८४ पासून चर्चाच चालली होती.

प्रतिकूल :
- कायदेमंडळात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. आज चांगल्या कामासाठी परक्या सरकारला घरात घेतलं, तर उद्या त्याला बाहेर कसं काढणार?
- १८५८ च्या आश्वासनाचं काय?
- टिळकांनी नुसता विरोध केला नाही. ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी स्वतःला बांधून घ्यावं, मुलीचं लग्न १६ च्या आत आणि मुलाचं २० च्या आत करू नये, असा पर्याय त्यांनी ठेवला. कायद्यातल्या १२ पेक्षा तो पुष्कळ पुढचा होता.
- घरातला गुन्हा सिद्ध कोण करणार? तक्रार कोण करणार? वयाचा दाखला कुठून आणणार?

प्रतिकूल बाजूच्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. तुम्हाला बालविवाहाचं समर्थन करायचं नाही. "हा कायदा या सरकारने करू नये" आणि "मुलींची लग्नं लहानपणी व्हावीत" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ज्या दिवशी मुलांना हा फरक कळतो, त्या दिवशी तुमचं अर्धं काम झालं.

*चौथी तासिका – बाजू बदला.* न सांगता बाजू उलट करा. कालचे अनुकूल आज प्रतिकूल. मुलं ओरडतात, ओरडू द्या. मग जोड्या लावून एक खेळ घ्या : बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. समोरचा "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणेपर्यंत आपला मुद्दा मांडायचा नाही. पहिल्यांदा फार वेळ लागतो. "तुला म्हणायचंय की मुलींना त्रास झाला तरी चालेल" असं एकजण म्हणतो, दुसरा "नाही!" म्हणून उसळतो, पहिला परत प्रयत्न करतो. संपूर्ण तयारीत एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा.

*पाचवी तासिका – चिठ्ठ्या आणि नेमणुका.* आज चिठ्ठी टाकून पक्की बाजू ठरवा. दोन्ही बाजूंची तयारी झालेली असते, त्यामुळे कोणाचं नुकसान होत नाही. प्रत्येक गटातून एक वक्ता, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन. बाकीच्या मुलांनाही काम हवंच : अध्यक्ष, दोन वेळ पाहणारे, पुरावा तपासणारे चौघे, समोरच्या पक्षाचे मुद्दे टिपून घेणारे, आणि उरलेल्या प्रत्येकाने लिहून आणलेला एक प्रश्न. ज्याला काम नाही, तोच मागच्या बाकावर गडबड करतो.

वक्त्याला लिहिलेलं भाषण आणू देऊ नका. हाताच्या पंजाएवढ्या कागदावर पाच शब्द, बस्स.

प्रत्यक्ष दिवस : दोन जोड तासिका (७० मिनिटं)

- अध्यक्षांचं प्रास्ताविक आणि ठराव वाचन – ५ मिनिटं
- सहा वक्ते, आलटून पालटून, प्रत्येकी ४ मिनिटं – २४ मिनिटं
- गटात बसून खंडनाची तयारी – ५ मिनिटं
- खंडन, प्रत्येक पक्षाला ३ मिनिटं – ६ मिनिटं
- वर्गाचे प्रश्न – १० मिनिटं
- समारोप, आधी प्रतिकूल मग अनुकूल, प्रत्येकी २ मिनिटं – ४ मिनिटं
- परीक्षकांचं बोलणं – ८ मिनिटं

उरलेली आठ मिनिटं बाक हलवण्यात जातात, ती धरूनच चला. तिसऱ्या मिनिटाला एक घंटा, चौथ्याला दोन. घंटा नसेल तर स्टीलचा पेला आणि चमचा पुरतो.

गुणदान ५० पैकी : पुरावा १५, खंडन १५, मांडणी १०, गटाचा एकमेकांना आधार ५, वेळेची शिस्त ५. आवाज आणि अभिनयाला वेगळे गुण ठेवू नका. आणि एक नियम फळ्यावर लिहूनच ठेवा : माणसावर बोललात तर दोन गुण कमी. पुण्यात आगरकर जिवंत असताना विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती, हे मुलांना सांगा. मतभेद कुठपर्यंत घसरू शकतो, याचं हे घरचंच उदाहरण आहे.

आमच्या वर्गात काय झालं?

आमच्या नववीच्या वर्गात वाद सुरू होण्याआधी हात वर करायला सांगितले, तेव्हा बहुतेक सगळे कायद्याच्या बाजूने होते. प्रतिकूल पक्षाचा शेवटचा वक्ता एरवी फारसा न बोलणारा मुलगा. त्याने परक्या सरकारचा मुद्दा इतका नीट मांडला की वर्ग गप्प झाला. मला वाटलं, आता पारडं फिरणार.

मग प्रश्नांच्या वेळी खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिने प्रतिकूल पक्षाला विचारलं, "तुम्ही म्हणता समाज हळूहळू बदलेल. पण जी आज दहा वर्षांची आहे, तिने तोपर्यंत काय करायचं?"

तो मुलगा कागदाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "याचं उत्तर आमच्याकडे नाही." मी त्याला त्या उत्तराचे पूर्ण गुण दिले. ज्या बाजूने आपण भांडतो तिची उणीव कुठे आहे, हे ओळखणं खंडनाइतकंच अवघड असतं.

पण तो खाली बसला नाही. त्याने अनुकूल पक्षाला उलट विचारलं, "आणि तुमचा कायदा झाला, तर ती दहा वर्षांची मुलगी फिर्याद द्यायला चौकीत एकटी जाणार का?" त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

माझ्या तोंडून तेव्हा काही निघालं नाही. आदल्या वर्षी याच नववीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली नव्हती. महिनाभर तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत राहिलो, आणि मग कळलं की तिचं लग्न झालं. कायदा होता. कोणी विचारलं नाही, मीसुद्धा उशिरा विचारलं. वर्गातल्या निम्म्या मुलींना हे माझ्याआधी माहीत होतं. खिडकीजवळची ती मुलगी तिच्याच बाकावर बसायची.

दुसऱ्या दिवशीची तासिका विसरू नका

वादविवाद झाला, बक्षीस दिलं, विषय संपला असं करू नका. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची १८९१ ची रेघ पुसा आणि उजवीकडचं सगळं मांडा. १९२९ चा शारदा कायदा : मुलीला १४, मुलाला १८. १९७८ ची दुरुस्ती : १८ आणि २१. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा. आता मुलांना विचारा, आपलं सरकार आहे, आपणच निवडून दिलेलं आहे, म्हणजे टिळकांचा आक्षेप आता उरत नाही. मग तो दुसरा प्रश्न का उरतो? तक्रार कोण करणार?

इथे माहिती द्या, भाषण नको. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फळ्यावर लिहा आणि वर्षभर कोपऱ्यात राहू द्या. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, हेही सांगा. मग प्रत्येकाकडून वहीत दोनच वाक्यं लिहून घ्या : "मला न पटणाऱ्या बाजूचा सर्वात चांगला मुद्दा कोणता? तो ऐकून माझ्या मतात काय फरक पडला?" मत बदललंच पाहिजे असं नाही. पण आपलं मत आता कशावर उभं आहे, हे सांगता यायला हवं.

पालकांसाठी दोन शब्द

भाषण लिहून देऊ नका, ही हात जोडून विनंती. त्याऐवजी संध्याकाळी जेवताना मुलाच्या विरुद्ध बाजू घ्या आणि त्याला अडवा. "पुरावा काय?" एवढं विचारत राहिलात तरी पुरे. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्या आईचं लग्न कितव्या वर्षी झालं, हे मुलांना विचारू द्या. माझ्या वर्गातल्या अनेकांना हे उत्तर पहिल्यांदा त्या आठवड्यात कळलं, आणि पुस्तकातल्या १० आणि १२ या आकड्यांना घरातला चेहरा मिळाला.

हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही निर्णयाला लावता येईल. १९२२ मध्ये चौरीचौरानंतर गांधीजींनी असहकार चळवळ थांबवली, ते योग्य होतं का? १९३२ चा पुणे करार? कार्डं बदलतील, रेघेवरचं साल बदलेल. बाजू बदलण्याची तासिका मात्र गाळू नका.

आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात १०९८ अजून आहे. दर सोमवारी फळा पुसणारा विद्यार्थी तेवढी जागा सोडून पुसतो.